व्हर्सायला जायचे तर पाण्याचा वार बघून जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीची चाहूल लागली की आपल्या दैनिकात युरोप सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. पॅरिसच्या रकान्यात आयफेल टॉवर, सीन नदीतली बोटीची फेरी आणि त्याखाली एका ओळीत ‘व्हर्साय राजवाडा’. त्या एका ओळीचा प्रत्यक्षात अर्थ बहुतेक वेळा असा निघतो: बस राजवाड्यासमोरच्या चौकात उभी राहते, दीड-दोन तासांत गर्दीच्या रेट्याने दालने बघून होतात, आरसे महालात सगळ्यांचे फोटो निघतात, खिडकीतून बागेकडे एक नजर टाकली जाते आणि मंडळी परत बसमध्ये. बाग, कालवा, बागेपलीकडचे त्रियानों नावाचे दोन छोटे राजवाडे हे सगळे राहूनच जाते. व्हिसाच्या रांगेपासून सगळा खटाटोप करून माणूस तिथवर पोचतो आणि जे पाहायला हवे तेवढेच हुकते, म्हणून हे पत्र.

बागच पाहायला हवी असे म्हणण्याला कारण आहे. राजवाडा आतून बराचसा लुटला गेलेला आहे, आणि पहिला हात त्याच्या मालकानेच मारला. चौदाव्या लुईने आरसे महाल सजवायला केलेले चांदीचे सामान १६८९ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी वितळवले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९३-९४ मध्ये, उरलेल्या सामानाचा लिलाव झाला. १८३७ मध्ये राजा लुई-फिलिपने वाड्याचे संग्रहालय केले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लांब पाख्यांतली जुनी दालने मोडली गेली. आज दिसणाऱ्या पलंग-पडद्यांपैकी पुष्कळसे नंतर शोधून, विकत घेऊन किंवा जुन्याबरहुकूम विणून पुन्हा मांडलेले आहे. बागेतली कारंजी मात्र अजून तशीच उडतात. तळ्याशी पंप लावून नव्हे, तर उंचावरच्या टाक्यांत साठवलेल्या पाण्याच्या दाबावर, जमिनीखालून गेलेल्या सुमारे ३५ किलोमीटर नळांमधून. राजाने पाहिलेली गोष्ट राजाच्या काळच्या रीतीने चालताना पाहायची असेल, तर ती इथे.

तेव्हा पहिला प्रश्न तारखेचा. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दर शनिवारी आणि रविवारी संगीताच्या साथीने कारंजी सोडतात; मे आणि जूनमध्ये त्यात मंगळवारची भर पडते. हंगामातल्या बाकीच्या बहुतेक वारी बागेत नुसते संगीत लावलेले असते, झाडीत दडलेले कुंज उघडे असतात, पण पाणी जवळजवळ नसते. नोव्हेंबर ते मार्च बागेत प्रवेश फुकट, मात्र कारंजी बंद, कुंजांना कुलूप आणि संगमरवरी पुतळ्यांवर थंडीच्या बचावासाठी खोळी चढवलेल्या. सोमवारी राजवाडा आणि त्रियानों दोन्ही बंद. शिवाय १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला वाडा उघडत नाही. यातला १ मे आपल्या लोकांना हमखास गोत्यात आणतो: आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणजे फिरायला निघायचा दिवस, तिकडे कामगार दिन म्हणून वाड्याला टाळे.

मंगळवारचे गणित नीट समजून घ्यावे. पॅरिसचे लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते. सोमवारी व्हर्साय न मिळालेले आणि मंगळवारी लुव्र न मिळालेले असे दोन्ही लोंढे मंगळवारी व्हर्सायला येऊन थडकतात. मे-जूनच्या मंगळवारी पाणी मिळते, पण दालनांत पाय ठेवायला जागा नसते. माझे मत विचाराल तर मेअखेरीचा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला किंवा सप्टेंबरातला शनिवार सर्वांत चांगला. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संत्र्या-लिंबांची झाडेही बाहेर मांडलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा तडाखा बसतो, आणि बागेच्या मधल्या भागात सावली शोधूनही सापडत नाही.

आता पाण्याविषयी, कारण ते कळल्याशिवाय या बागेकडे कसे पाहायचे हे कळत नाही. तेराव्या लुईने १६२३ मध्ये इथे शिकारीसाठी एक छोटी कोठी बांधली. शिकारीला जागा उत्तम होती. राजधानीला मात्र भलतीच गैरसोयीची. आसपास मोठी नदी नाही आणि वाडा उंचवट्यावर. त्याचा मुलगा चौदावा लुई याने १६६१ पासून आंद्रे ल नोत्र या बागकर्त्याच्या हाती ही जमीन दिली आणि कारंज्यांवर कारंजी मागायला सुरुवात केली. जवळच्या क्लान्यी तळ्याचे पाणी पंपाने चढवले, ते संपले. मग बिएव्र नदीकडे हात पसरले. शेवटी १६८४ मध्ये सीन नदीवर, राजाचा दुसरा वाडा होता त्या मार्लीजवळ, मार्लीचे यंत्र उभे राहिले: नदीच्या प्रवाहावर फिरणारी १४ प्रचंड चाके, दोनशेहून जास्त पंप, आणि नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने सुमारे दीडशे मीटर उंच चढवून वरच्या कमानींच्या पाटात. गडगडाट एवढा की परिसरातल्यांची झोप उडे. एवढे करून त्यातले बरेचसे पाणी मार्लीच्याच राजबागेत खर्ची पडले. पुढच्याच वर्षी अॅर नदी लांबून कालव्याने वळवून आणण्याचे काम काढले, त्यावर हजारो सैनिक लावले; १६८८ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ते सोडून द्यावे लागले. मँतनों गावात ते पाणी नेण्यासाठी बांधलेल्या अर्धवट पुलाच्या कमानी आजही उभ्या आहेत. कामाला आले ते त्या मानाने साधे उपाय: नैऋत्येकडच्या पठारांवरचे पावसाचे पाणी चरांतून तलावांत गोळा करायचे आणि हलक्या उताराने व्हर्सायला आणायचे. पुण्यातल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शनिवारवाड्याच्या कारंज्यांपर्यंत आले ते याच तत्त्वावर, नुसत्या उताराने.

तरीही सगळी कारंजी एकदम चालवता येतील एवढे पाणी राजाला कधीच मिळाले नाही. त्यावर तोडगा असा होता की राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्यांच्या खुणांनी एकमेकांना कळवत. स्वारी येते आहे म्हटले की पुढचे कारंजे सुरू, स्वारी वळली की मागचे बंद. आजही झडपा उघडायला जमिनीतल्या खड्ड्यांत उतरून लांब दांड्याची लोखंडी किल्ली फिरवणारे कारंजेवाले नोकरीत आहेत. आणि आजही सगळी ५५ तळी-कारंजी दिवसभर एकदम उडत नाहीत. पुष्कळसे कुंज सकाळी ठरावीक वेळ आणि दुपारी ठरावीक वेळ चालतात, काही थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होतात. त्या दिवसाचा नकाशा बागेच्या दारात मिळतो, त्यावर प्रत्येक तळ्याच्या वेळा छापलेल्या असतात. तो न घेता आत शिरणारे लोक कोरड्या तळ्यासमोर उभे राहून ‘इथे काहीच नाही’ म्हणत परत फिरतात, आणि पाठ वळल्यावर दहा मिनिटांत तिथे पाणी येते.

कारंज्याची उंची ठरते ती टाकी किती वर आहे यावर. नळ लांब आणि अरुंद असेल तर वाटेतल्या घर्षणात थोडी उंची गळते. तोटीच्या तोंडाची घडण बदलली की त्याच पाण्याचा कधी सरळ दांडा होतो, कधी पातळ पडदा, कधी पांढरा फेस. म्हणून जवळ गेल्यावर उंच धारेकडे पाहून झाले की तोटीकडे पाहावे. वाड्याला लागून असलेल्या दोन मोठ्या आरस्यासारख्या तळ्यांच्या खाली जमिनीत साठवणीच्या टाक्या आहेत. वरच्या कारंज्यांतून वापरलेले पाणी उताराने खालच्या कारंज्यांना मिळते, सगळे शेवटी मोठ्या कालव्याकडे उतरते, आणि आता तिथून ते पंपाने शहरातल्या उंच टेकडीवरच्या टाक्यांत परत चढवतात. पंप तेवढ्यापुरता, उडायचे काम पाण्याने स्वतःच करायचे.

बागेत फिरायचे कसे, हेही राजाने सांगून ठेवले आहे. चौदाव्या लुईने १६८९ पासून पुढे पाहुण्यांना बाग कोणत्या क्रमाने दाखवायची याच्या सूचना लिहिल्या, आणि बाग बदलली तशा त्या पुन्हा पुन्हा सुधारल्या. त्यातली सुरुवात आजही जशीच्या तशी पाळावी. वाड्यातून गच्चीवर, म्हणजे वाड्यामागच्या उंच मोकळ्या पटांगणावर, आल्यावर पायऱ्यांच्या माथ्याशी थांबायचे, एकदम खाली उतरायचे नाही. समोर लातोनाचे तळे, पुढे ३३५ मीटर लांब आणि ४० मीटर रुंद हिरवळीचा पट्टा, त्याच्या टोकाला अपोलोचे तळे आणि त्यामागे कालवा. मग मागे वळून वाड्याकडे पाहायचे. कालवा जवळ वाटतो तो ल नोत्रच्या कसबामुळे. तो १,६७० मीटर लांब आहे, आणि त्याचे पलीकडचे टोक मुद्दाम अधिक रुंद ठेवले आहे, म्हणजे दुरून निमुळते न होता ते भरून दिसते. गच्चीवरून दहा मिनिटांचे वाटणारे अंतर चालायला लागले की संपत नाही. दमलेल्या मंडळींची पहिली फसगत इथे होते, विशेषतः ज्येष्ठांची. शिवाय जाताना उतार आहे, म्हणजे येताना चढ.

पायऱ्यांवरून डावीकडे गेले की खाली संत्र्यांची बाग दिसते. दोन्ही अंगांनी उतरणारे शंभर पायऱ्यांचे जिने आणि त्यांच्या मध्ये गच्चीच्या पोटात १५५ मीटर लांब दालन. मांसार या वास्तुकाराने ते १६८४ ते १६८६ मध्ये बांधले. तोंड दक्षिणेला, भिंती चांगल्या जाडजूड, त्यामुळे शेगडी न पेटवता हिवाळ्यात झाडे गोठत नाहीत. हजाराहून जास्त झाडे आहेत: संत्री, लिंबे, डाळिंबे, कण्हेर, ताड जातीची. आपल्याकडे कुंपणाला लावतात ती कण्हेर तिथे राजाच्या दालनात हिवाळा काढते. झाडे ज्या चौकोनी लाकडी पेट्यांत आहेत त्या पेट्या जवळून पाहण्यासारख्या. चारही फळ्या लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेल्या, आणि पट्टी काढली की बाजू उघडते. कुंडी न फोडता मुळे छाटता येतात, माती बदलता येते. गच्चीवर लिंबाचे झाड मोठ्या कुंडीत लावलेल्या कोणालाही यातली सोय लगेच कळेल: काही वर्षांनी मुळे गोल गोल वळून कुंडीच्या भिंतीला चिकटतात, पाणी आत जिरत नाही आणि झाड फळ धरायचे थांबते.

लातोनाचे तळे पाण्यावाचून पाहिले तर संगमरवराची उतरंड तेवढी दिसते. पाणी सुटले की गोष्ट कळते. अपोलोची आई लातोना तहानलेली असताना गावकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिले नाही, तळे ढवळून गढूळ केले. ज्युपिटरने त्यांचे बेडूक केले. सोनेरी बेडूक आणि कासवे तोंडातून धारा सोडत तिला भिजवतात, आणि मधले काही अजून अर्धे माणूस, अर्धे बेडूक आहेत: पाय माणसाचे, तोंड फाकलेले, बोटे जुळायला लागलेली. हे थांबून पाहावे. पुढे अपोलोचा रथ तळ्यातून वर येतो तो वाड्याच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून. सूर्याच्या चालीच्या उलट. पण राजाकडे पाठ करून तो जाणार कसा?

कुंजांसाठी वेळ राखून ठेवावा. घाईघाईत आलेले लोक नेमके तेच वगळतात, कारण ते मधल्या वाटेवरून दिसत नाहीत. हिरव्या भिंतींच्या आड, एखाद्या फटीतून आत जावे लागते. नाचाच्या कुंजात दगडी पायऱ्यांवरून पाणी उतरते आणि त्या पायऱ्यांत मादागास्करहून आणलेले शिंपले बसवलेले आहेत. एन्केलादसच्या कुंजात खडकांखाली अर्धा गाडला गेलेला राक्षस आहे, त्याच्या तोंडातून निघणारी धार २५ मीटर उंच जाते. स्तंभांच्या कुंजात ३२ संगमरवरी खांबांचे वर्तुळ. वारा असला की एन्केलादसच्या धारेचा फवारा एका बाजूला झुकतो, तेव्हा कॅमेरा सांभाळून उभे राहावे. हिरव्या भिंतींची झाडे लहान दिसली म्हणून हिरमुसू नये. २६ डिसेंबर १९९९ च्या वादळात इथली दहा हजारांहून जास्त झाडे पडली आणि बराचसा भाग नव्याने लावावा लागला. म्हाताऱ्या उंच झाडांमुळे बुजलेली दृष्टी त्यामुळे मोकळी झाली. आताच्या झाडांची उंची ल नोत्रने कापून ठेवलेल्या उंचीच्या जवळची आहे.

दिवसाची आखणी पाणी आहे की नाही यावर बदलते. पाण्याच्या दिवशी राजवाड्याचे सकाळी नऊचे, म्हणजे सर्वांत पहिले, तिकीट घ्यावे. साडेअकरापर्यंत वाडा आटोपून बागेत उतरावे, सकाळच्या कारंज्यांपैकी लातोना आणि दक्षिणेकडचे कुंज करावेत, कालव्याकाठी जेवावे, मग त्रियानों, आणि दुपारच्या पाण्यासाठी उत्तरेच्या कुंजांतून परत. शेवट नेपच्यूनच्या तळ्यावर. तिथे ९९ धारा आहेत, आणि लगतच्या ड्रॅगनच्या कारंज्याची धार २७ मीटर चढते. ही दोन्ही दिवसाच्या अखेरीस, साधारण पाच-साडेपाचच्या सुमारास थोडाच वेळ सोडतात. दहा मिनिटे आधी उतारावरच्या हिरवळीत जागा धरावी.

पाणी नसलेल्या दिवशी मात्र क्रम उलटा करावा. सकाळी बाग, बारा वाजता उघडणारे त्रियानों, आणि राजवाड्याचे तिकीट दुपारी साडेतीन-चारचे. कारण असे की आरसे महाल पश्चिमेकडे तोंड करून आहे. ७३ मीटर लांब दालन, एका बाजूला बागेकडच्या १७ खिडक्या, समोर १७ कमानींत बसवलेले ३५७ आरसे. दुपार कलली की ऊन खिडक्यांतून आत येते, आरशांवर पडते आणि छतावरच्या चित्रांपर्यंत परतते. सकाळी दहाच्या गर्दीत तिथे फक्त माणसांची डोकी दिसतात. राजाचे शेजघर याच्या नेमक्या उलट, पूर्वेकडे, चौकाच्या बाजूला. सकाळचा सूर्य थेट त्यावर उगवतो. हे दिशांचे गणित लक्षात ठेवले तर वाडा कळायला सोपा जातो. दुपारी उशिरा सहलींच्या बसही निघून गेलेल्या असतात. हंगामात वाडा साडेसहाला बंद होतो, म्हणून चारनंतरचे तिकीट घेऊ नये.

राजवाड्यात वाट एकच, मागे फिरता येत नाही. चॅपलच्या दारातून आत, मग हर्क्युलीसचे दालन, एकामागून एक देवतांच्या नावाची दालने, आरसे महाल, राणीची दालने. हर्क्युलीसच्या दालनात भारतीय माणसाने क्षणभर थांबावे. टिपू सुलतानाने पाठवलेल्या वकिलांना सोळाव्या लुईने १० ऑगस्ट १७८८ रोजी इथेच दरबारात भेट दिली. इंग्रजांविरुद्ध फौजेची मदत मिळाली नाही, आणि पुढच्याच वर्षी ६ ऑक्टोबरला जमावाने राजालाच व्हर्सायहून पॅरिसला नेले. तो इथे पुन्हा राहायला आला नाही.

त्रियानोंबद्दल थोडक्यात. मोठे त्रियानों गुलाबी संगमरवराचे, १६८७ मधले. छोटे त्रियानों सोळाव्या लुईने १७७४ मध्ये राणी मारी आंत्वानेतला दिले. तिच्यासाठी तळ्याकाठी शेतकऱ्यांच्या घरांसारखी घरे बांधून एक खेडेच वसवले. मुलांना ते राजवाड्यापेक्षा जास्त आवडते, कारण तिथे आजही गाई, बकऱ्या, कोंबड्या आहेत. वाड्यापासून चालत अर्धा तास लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वाड्याच्या उत्तरेच्या गच्चीवरून सुटणारी छोटी गाडी घ्यावी. ती दोन्ही त्रियानों आणि कालवा करून परत येते. भाड्याच्या सायकली आणि कालव्यात वल्हवायच्या होड्याही आहेत.

तिकिटांत दोन चुका नेहमीच्या. एक, १८ वर्षांखालच्या मुलांना राजवाडा फुकट आहे हे ऐकून पालक त्यांचे काहीच तिकीट काढत नाहीत, आणि कारंज्यांच्या दिवशी बागेच्या दारात अडकतात. बागेसाठी सहा वर्षांपासून पुढे सवलतीचे का होईना तिकीट लागते. दुसरी, फक्त राजवाड्याचे तिकीट काढून येणे. राजवाडा, बाग आणि त्रियानों एकत्र असलेले तिकीट घ्यावे. तिकिटावरची वेळ फक्त राजवाड्याच्या प्रवेशाची असते. वेळ घेतलेली असली तरी सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही, म्हणून अर्धा तास आधी पोचावे. एकट्यादुकट्याने येणाऱ्यांचे दार ‘ए’ आणि गटांचे ‘बी’. भलत्या रांगेत पाऊण तास उभे राहिलेली कुटुंबे तिथे रोज दिसतात. मोठ्या बॅगा आणि धातूच्या सांगाड्याच्या बाबागाड्या आत नेऊ देत नाहीत. विमानतळावरून सामानासह थेट इथे येण्याचा बेत आखू नये. बागेचे तिकीट दिवसभर हाताशी ठेवावे, कालव्याकडून परत बागेत शिरताना ते पुन्हा पाहतात.

पॅरिसहून स्वतः जाणाऱ्यांसाठी सरळ मार्ग म्हणजे आरईआर रेल्वेची पिवळ्या रंगाची ‘सी’ मार्गिका, उतरायचे ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ या शेवटच्या स्थानकावर. तिथून वाडा चालत दहा मिनिटे. गोंधळ होतो तो मार्गिकेला फाटे असल्यामुळे. फलाटावरच्या पाटीवर गाडीचे चार अक्षरी नाव असते. व्हर्साय शातोला जाणाऱ्या गाडीचे नाव ‘व्ही’ने सुरू होते. उन्हाळ्यात या मार्गिकेच्या पॅरिसमधल्या भागात दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात. तेव्हा सें-लझारहून ‘रिव्ह द्रुआत’ किंवा मोंपार्नासहून ‘व्हर्साय शांतिए’ स्थानक गाठावे. दोन्हींकडून चालणे पंधरा-वीस मिनिटांचे. पूर्वी मेट्रोच्या साध्या तिकिटावर इथवर येऊन लोक दंड भरत. जानेवारी २०२५ पासून विमानतळ सोडून सगळ्या परिसराला मेट्रो-रेल्वेचे एकच तिकीट चालते. स्थानकाबाहेर सहली विकायला उभ्या असलेल्या लोकांकडे लक्ष देऊ नये.

डबा जरूर न्यावा, पण कुठे उघडायचा ते ठाऊक हवे. बागेत बसून खायला मनाई आहे. कालव्याच्या बाजूच्या मोकळ्या पार्कात चालते, आणि त्या पार्काला तिकीटही नाही. दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, चटणी, फळे असा कोरडा डबा तिथल्या हिरवळीवर उत्तम. पाण्याची बाटली सोबत ठेवावी. बागेतल्या वाटा सुट्या बारीक खडीच्या आहेत आणि चौकात ओबडधोबड दगडी फरसबंदी, म्हणून चपला किंवा टाचांचे सँडल नकोत. दिवसात दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. स्वच्छतागृहे बागेत मोजकी आहेत. राजवाड्यातून बाहेर पडण्याआधीच ते उरकून घ्यावे.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांच्या हातात यातले फार थोडे असते, म्हणून पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. व्हर्सायचा दिवस कोणत्या वारी येतो? त्या दिवशी कारंजी सुरू असतात का? तिकीट नुसत्या राजवाड्याचे आहे की बागेसह? राजवाड्यातून बाहेर आल्यावर बस सुटेपर्यंत हातात किती तास आहेत? उत्तर ‘दोन तास’ असे आले, तर आयोजकांना राजवाडा वगळून त्याचाही वेळ बागेत देण्याची विनंती करावी. गटातले चार-पाच जण एकत्र आले तर हे जमते, कारण बागेचे तिकीट राजवाड्याच्या तिकिटापेक्षा बरेच स्वस्त आहे. आपल्या पर्यटन पुरवणीनेही सहलींचे वेळापत्रक छापताना व्हर्सायपुढे वार आणि तास हे दोन आकडे मागून घ्यावेत, अशी विनंती आहे. आणि शनिवार असेल तर एवढे जरूर विचारावे, की परतीची बस नेपच्यूनचे पाणी सुटण्याआधी निघणार नाही ना.

आपला,
एक वाचक, पुणे